जुन्या भोकावरचा पट्टा

दोरीवर अर्धे कपडे वाळत घालून झाले होते. उरलेले बादलीत पिळे होऊन पडले होते, आणि काकू दोन चिमटे तोंडात धरून चादरीचं टोक शोधत होत्या. तेवढ्यात जिन्यातून नणंदबाईंचा आवाज वर आला. नणंदबाई पोचायच्या आधी त्यांचा आवाज पोचायचा, ही त्यांची पहिल्यापासूनची रीत.

"वहिनी, दार सताड उघडं! कुणी घर धुऊन नेईल एक दिवस."

काकूंनी तोंडातले चिमटे हातात घेतले. "या वन्सं. धुणारा कुणी आला तर बरंच होईल, निम्मी बादली बाकी आहे अजून."

नणंदबाई धापा टाकत गॅलरीत आल्या, कठड्याला टेकल्या, आणि त्यांची नजर दोरीवर गेली. काकूंचे दोन करडे ड्रेस, टॉवेल, बनियन, दोन पायजमे. पुरुषाचा शर्ट एकही नाही.

"दादा अजून पायजम्यातच?"

"पायजम्यातच."

"बाहेर पडतो की नाही?"

"गॅलरीपर्यंत येतात. खाली ओळखीचं कुणी दिसलं की आत वळतात."

नणंदबाईंनी जिभेनं च्च केलं. मग ज्या कामासाठी एवढे जिने चढल्या होत्या ते बोलून टाकलं. "मी काय म्हणते वहिनी, राग मानू नका. दादाचे ते कोट, त्या पॅंट, कपाटात नुसत्या लोंबताहेत. माझ्या पोराला नोकरी लागलीय, रोज नीटनेटकं जावं लागणार. अंगानं अगदी दादासारखा आहे तो. म्हणजे, पूर्वीच्या दादासारखा. कसर लागून जाण्यापेक्षा..."

काकू काही बोलायच्या आत आतल्या खोलीतून आवाज आला. "दे गं तिला. सगळे दे. कपड्यांना म्हणावं, तुमचा मालक आता राहिला नाही."

काकूंच्या हातातला चिमटा निसटला आणि कठड्यावरून थेट खाली अंगणात गेला.

"काय हे दादा, भरल्या घरात!" नणंदबाई म्हणाल्या, पण त्यांचाही आवाज खाली आला होता.

"देते ना," काकू म्हणाल्या. "पण सध्या धुवायला टाकलेत. धुऊन, इस्त्री करून, बटणं बघून देईन. थोडे दिवस थांबा."

"सावकाश हो. हजर व्हायला अवकाश आहे त्याला."

नणंदबाई चहा घेऊन गेल्या. काकूंनी उरलेले कपडे वाळत घातले, आणि मग कपाटाचं दार उघडून उभ्या राहिल्या. एकही कोट धुवायला गेलेला नव्हता. सगळे डांबरगोळ्यांच्या वासात ओळीनं उभे होते. संध्याकाळी देवापुढे डोळे मिटून बसल्यावर त्यांनी पहिल्यांदा तेच सांगितलं. देवा, आज वन्संशी खोटं बोलले. उद्याही बोलावं लागेल असं दिसतंय.

त्यांना सगळी पेठ फिटिंगच्या काकू म्हणायची. कोपऱ्यावरच्या लाँड्रीत, खिडकीला लागून, त्यांचं मशीन होतं. लाँड्रीवाला कपडे धुवायचा आणि काकू ते माणसांच्या मापाला आणायच्या. कुणाची चेन गेलेली, कुणाच्या बाह्या लांब, कुणाला बहिणीचा ड्रेस मिळालेला आणि बहीण दुप्पट. नवं शिवणं काकूंनी कधी केलं नाही. "नवं कुणीही शिवेल," त्या म्हणायच्या, "मला आपलं आहे त्याच्याशी बोलायला आवडतं." सुई ओवण्याआधी देवाचं नाव घ्यायच्या आणि मग तोंडात टाचण्या धरायच्या. त्यामुळे गिऱ्हाइकानं काहीही विचारलं तरी उत्तर 'हं' एवढंच यायचं.

त्यांच्या कामाची एक पद्धत होती आणि त्यावरून लाँड्रीवाला त्यांची चेष्टा करायचा. काकू कापड कापत नसत. कपडा आत घ्यायचा असला की जास्तीचं कापड शिवणीच्या आत दुमडून ठेवायच्या आणि वर टीप मारायच्या. शिवणीच्या आत असं जे राखून ठेवतात त्याला शिवणारे माया म्हणतात. काकूंच्या हातच्या कपड्यात ती इतकी असायची की लाँड्रीवाला म्हणायचा, "काकू, या पॅंटच्या पोटात आणखी एक पॅंट आहे." काकू म्हणायच्या, "असू दे. माणूस आज बारीक होतो, उद्या भरतो. कापडानं का त्याची वाट बंद करायची?" भरलेलं गिऱ्हाईक वर्षानं परत आलं की काकू टीप उसवायच्या आणि तोच कपडा पुन्हा त्याच्या अंगाला यायचा.

आणि त्यांच्या घरच्या माणसाला सगळे राजे म्हणायचे. राजे चित्रपटगृहाच्या तिकीटखिडकीत बसायचे. जाळीमागून गिऱ्हाइकाला त्यांचं छातीपर्यंतचंच दर्शन व्हायचं. तरी पॅंटची घडी अशी असायची की बोट कापावं, बूट असे की त्यात तोंड बघावं. शेजारच्या खिडकीतला सोबती एकदा म्हणाला, "राजे, लोकांना तुमची टायसुद्धा अर्धीच दिसते. पॅंटला इस्त्री कुणासाठी?"

"मला दिसते ना," राजे म्हणाले.

कपडे फार नव्हते त्यांच्याकडे. पण होते ते घालायचे कसे, हे त्या माणसाला ठाऊक होतं. एकच तपकिरी कोट आज चौकड्याच्या शर्टावर, उद्या पांढऱ्यावर, परवा आत स्वेटर घालून. दर वेळी नवा कोट घेतल्यासारखा चेहरा. निवृत्त झाल्यावरही रोज सकाळी दाढी, कपडे, आणि बागेच्या फाटकापाशी घड्याळजीच्या दुकानासमोरच्या बाकावर बैठक. घड्याळजी दुकानात भिंग डोळ्याला लावून बसायचा, राजे बाहेर, आणि दोघं एकमेकांकडे न बघता दुपारपर्यंत भांडायचे.

मग गेल्या हिवाळ्यात पोटाचं ऑपरेशन झालं. देवाच्या दयेनं माणूस घरी आला, पण अर्धाच आला. डॉक्टर म्हणाले, आता खायचं. थोडं थोडं, पण सारखं. अंडी, दूध, लोणी. राजे खायचे, पण औषध घ्यावं तसं.

बरं वाटल्यावर एकदा त्यांनी राखी पॅंट घातली होती, बाकावर जायला. पट्टा शेवटच्या भोकावर ओढला तरी कमरेपाशी पोत्याच्या तोंडासारख्या चुण्या पडल्या. दुसऱ्या मजल्यावर शेजारीण भेटली. बाई मनानं चांगली, तोंडानं मोकळी. "अगं बाई! किती वाळलात हो, ओळखलंच नाही मी!" राजे हसले, 'काहीतरी विसरलो' म्हणाले आणि त्या पायरीवरून परत वर आले. पॅंट हँगरला लावली. त्यानंतर पायजमा.

काकूंनी नव्या पॅंटची गोष्ट काढून पाहिली होती. "नवी?" राजे भिंतीकडे तोंड करून म्हणाले होते, "किती दिवस घालणार आहे मी ती?"

त्या बोलण्यानं काकूंची झोप उडाली होती. आणि आता तर कपडेच निघाले होते. काकूंना कापडाचा मोह नव्हता. भाच्याला मिळाले असते तर आनंदच होता. पण कपाट रिकामं झालं की या माणसाला बाहेर जायचं एकही कारण उरणार नाही, आणि मग दुधाचा पेलाही भिंतीकडेच बघत थंड होईल, हे त्यांना दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या पिशवीतून राखी पॅंट लाँड्रीत गेली.

राजे दुपारी झोपले की काकू रोज मापं घ्यायच्या. टेप लावायची सोय नव्हती, म्हणून वाळत घातलेल्या पायजम्याच्या नाडीची खूण बघायच्या, पांघरूण सारखं करायच्या निमित्तानं वीत लावायच्या. पॅंट मागच्या मधल्या शिवणीतून आत घ्यावी लागली. एकदम घेतली नाही. शेजारी शेजारी तीन टिपा मारल्या, म्हणजे पुढेमागे एकेक ओळ उसवून तेवढी तेवढी सैल करता येईल. शर्ट बगलेतून आत घेतले. कॉलर मात्र कुणाच्या बापाला आत घेता येत नाही. तिथे त्यांनी फाटलेल्या रेशमी अस्तरातून गळ्याला बांधायचा रुमाल शिवला. कोटांनी त्यांना घाम फोडला. खांदे उतरले होते, तर आत कापसाची गादी घातली. लाँड्रीवाला मान वाकडी करून बघायचा. एकदा त्यानं विचारलं, "कुणाचं माप घेताय इतकं, समोर माणूस नसताना?" काकूंच्या तोंडात टाचण्या होत्या. "हं," त्या म्हणाल्या.

राहता राहिला पट्टा. राजांच्या पट्ट्याचं मधलं भोक वर्षानुवर्षं वापरून लांबट झालं होतं, त्याच्याभोवती कातडं उजळलं होतं. पॅंट कितीही नेमकी बसली तरी पट्टा खरं बोलून जाणार. काकू तो घेऊन चपला शिवणाऱ्याकडे गेल्या. त्यानं बक्कल सोडवलं, बक्कलाच्या बाजूनं कातड्याचा तुकडा कापला, आणि बक्कल पुन्हा शिवून दिलं. उजळलेलं भोक जागच्या जागी राहिलं, पट्टा तेवढा आखूड झाला. काकूंनी तो तुकडा टाकला नाही. बटणांच्या डब्यात तळाला ठेवला.

मग एका सकाळी त्या कपाट उघडून म्हणाल्या, "अहो, जरा उभे राहा बघू. वन्संना कपडे द्यायचेत. हुक, बटणं तपासून देते. अंगावर घातल्याशिवाय कळत नाही."

"हँगरवर तपास."

"हँगरला कंबर असते का?"

राजे कुरकुरत उठले. पॅंट घातली. हुक लावला. हात पट्ट्याकडे गेला, सवयीनं मधल्या भोकाशी आला, आणि बक्कलाची जीभ त्यात बसली. राजे खाली बघत राहिले. मग त्यांनी पट्टा सोडला आणि पुन्हा लावला.

"अगं."

"काय झालं? सैल आहे?"

"अगं, जुनं भोक! बघ तर. जुन्या भोकावर आलो मी!"

"बघू," काकू खाली बसल्या, पॅंटची दुमड बघायचं निमित्त करून पायाशी वाकल्या, कारण त्यांना तोंड लपवायला तेवढीच जागा होती. "अंगाला लागतंय हो खाल्लेलं. तुम्ही पायजम्यात बसून राहिलात, कळणार कसं?"

"कोट दे."

"कोट वन्संना..."

"तिला म्हणावं, पोराला पहिल्या पगारात घ्यायला लाव. आयता कोट कसला घालतो! दे इकडे."

त्या सकाळी राजे जिना उतरले. दुसऱ्या मजल्यावरची शेजारीण म्हणाली, "अरे वा! कुठे लग्नाला?" राजे म्हणाले, "दूध आणायला."

पुढचे आठवडे घर बदललं. ठेवणीतलं आणि रोजचं असा भेदच राजांनी मोडून टाकला. पूर्वी जो निळा कोट फक्त समारंभाला निघायचा, तो घालून ते पाव आणायला गेले. "कुठला समारंभ यायची वाट बघू?" ते म्हणाले. "मी चालतोय, हाच." एका शर्टाची कोपरं विरली होती, तर स्वतः बसून चामड्याचे गोल शिवून घेतले काकूंकडून. गळ्यातल्या रुमालाला रोज नवी गाठ. घड्याळजीनं भिंगातून बघून सांगितलं, "राजे, गळ्याला काय लागलंय? पट्टी का बांधलीय?" आणि चार दिवसांनी त्याच्याही गळ्यात रुमाल आला. दोरीवर शर्ट फडफडायला लागले. काकू वाळत घालताना पुटपुटायच्या, देवा, तुझी करणी. मग त्यांना आठवायचं की यात थोडी आपलीही करणी आहे, आणि त्या पुढचा चिमटा उचलायच्या.

एकदा संध्याकाळी राजे हसत हसत परत आले. "घड्याळजीची नजर म्हणजे! म्हणतो, 'राजे, तुमच्या पॅंटचे मागचे खिसे अगदी जवळ आलेत. कुजबुज करतात वाटतं तुमच्याबद्दल.' काय बोलेल नेम नाही."

मागच्या शिवणीतून एवढं कापड आत घेतलं की दोन्ही खिसे एकमेकांकडे सरकतात. शिकाऊ मुलगीही ओळखते. घाईत पुढून थोडं आणि बाजूनं थोडं घ्यायचं त्यांच्याकडून राहून गेलं होतं. "त्याला म्हणावं घड्याळं बघ," त्या म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या.

पण खरी चूक खिशांची नव्हती. ती काकूंच्या लक्षातच आली नाही.

राजे शौकीन माणूस. आयुष्यभर एकाच गोष्टीला भ्यायले, पोट सुटायला. जुन्या भोकावर आलो, म्हणजे झालं की! आता आणखी खाल्लं तर पुढच्या भोकावर जाईन, पॅंट तटतटेल, कोटाचं बटण उडेल. डॉक्टरांनी सांगितलं होतं सारखं खा, पण ते आजाऱ्याला सांगितलं होतं. राजे आता आजारी नव्हते. म्हणून सकाळचं दुसरं अंडं ते गॅलरीत घेऊन जायचे, आणि गॅलरीत येणाऱ्या पिवळ्या मांजराला द्यायचे. लोणी पावाला लावल्यासारखं करायचे. दुपारचं दूध बेसिनला. पट्टा जरा सैल लागला तर त्यांना उलट बरंच वाटायचं. काकू रिकामी ताटली बघायच्या आणि देवाचे आभार मानायच्या. मांजर दिवसेंदिवस गलेलठ्ठ होत होतं. घरात वजन वाढलं होतं ते एवढंच.

तपासणीच्या दिवशी राजे निळा कोट घालून दवाखान्यात गेले. काकू बाहेर बाकावर बसल्या, दार अर्धं उघडं होतं.

"काका, काट्यावर या. कोट काढा आधी," नर्स म्हणाली.

"राहू दे गं, कोटानं काय होतंय."

"बरं, राहू दे." मग काट्याचा खट्ट आवाज आला. "काका, पुन्हा उभे राहा बरं. हात सोडा." पुन्हा तोच खट्ट. "अहो, कोटासकट एवढंच? मागच्या खेपेला कोटाशिवाय याहून जास्त होतात तुम्ही."

"काटा बिघडलाय तुमचा."

नर्स स्वतः काट्यावर उभी राहिली असावी, कारण ती म्हणाली, "बिघडला असता तर बरं झालं असतं, माझं तर वाढलंय."

डॉक्टरांचा आवाज हलका होता, पण काकूंनी शब्द न् शब्द ऐकला. असंच उतरत राहिलं तर पुन्हा भरती करून सलाईनवर ठेवावं लागेल, आणि आता अंगात तेवढी ताकद उरलेली नाही.

घरी येताना राजे दोन पावलं पुढे चालत होते. वळणावर त्यांना शिंक आली. रुमाल काढायला हात मागे गेला, उजव्या खिशात जायचा तो चाचपडत मधे थांबला. राजांनी दुसरा हातही मागे नेला. भर रस्त्यात, निळा कोट घातलेला तो माणूस दोन्ही खिशांवर हात ठेवून उभा राहिला, आणि मग वळून काकूंकडे बघितलं. काकूंनी रस्त्याच्या पलीकडे बघितलं.

घरी आल्यावर खोलीचं दार लागलं. काकू स्वयंपाकघरात उभ्या होत्या. देवा, आता तूच बोल, मला सुचत नाही.

राजे बाहेर आले ते पायजम्यात. हातात पॅंट, उलटी केलेली. त्यांनी ती टेबलावर पसरली. आतलं दुमडलेलं कापड, त्यावरच्या तीन टिपा, सगळं उजेडात पडलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. असतं तर काकूंना सोपं गेलं असतं.

"तू?"

"मीच. दुसरं कोण?"

"शर्ट?"

"तेही."

"कोट?"

"कोटात कापूस आहे. खांद्याला."

राजे खुर्चीत बसले. हळूच विचारलं, "पट्टा?"

काकूंनी मान खाली घातली.

"पट्टासुद्धा!" राजांचा आवाज पहिल्यांदा चढला. "अगं, शेजारपाजारच्यांनी फसवलं तर माणूस समजू शकतो. पट्टा फसवतो का कुणाला? मी तिथे नर्ससमोर छाती काढून उभा होतो! गावभर मिरवलो! सगळे मनातल्या मनात हसत असतील, हा बघा, काठीवर टांगलेला कोट चाललाय."

"कुणी हसलं नाही."

"तुला काय माहीत?"

"हसले असते तर घड्याळजीनं रुमाल बांधला असता का?"

राजांनी पॅंटच्या टिपांवरून बोट फिरवलं.

"तुम्ही सगळं वन्संना देऊन टाकायला निघाला होतात," काकू म्हणाल्या. "मालक राहिला नाही म्हणालात. मी त्याच घरात होते, दोरीवर कपडे घालत होते. मला काय वाटलं असेल? मला दुसरं काय येतं? मला एवढंच येतं, कपडा अंगाला आणायचा. ते केलं. चुकलं असेल. पण बाहेर तर पडलात! जेवायला तर लागलात!"

राजे काहीतरी बोलणार होते. पण गॅलरीच्या दारात पिवळं मांजर येऊन बसलं आणि त्यांच्याकडे बघून ओळखीनं म्याव म्हणालं. राजांनी नजर चोरली. काकूंनी मांजराकडे पाहिलं, त्याच्या पोटाकडे पाहिलं, मग राजांकडे.

"अहो," त्या म्हणाल्या. "दुसरं अंडं?"

राजांनी होकारार्थी मान हलवली.

"किती दिवस?"

"पोट सुटेल असं वाटलं," राजे म्हणाले. "जुन्या भोकावर होतो ना मी."

काकू खाली बसल्या. माणसाला जेववायला म्हणून केलं आणि त्यानंच त्याचं जेवण काढून घेतलं. त्यांना रडू यायला हवं होतं, पण मांजर पुन्हा म्याव म्हणालं आणि त्यांच्या तोंडून हसूच फुटलं, आणि मग मात्र रडू आलं. राजांनी पॅंट त्यांच्या बाजूला थोडी सरकवली, जणू काकूंनी तिलाच डोळे पुसावेत.

त्या संध्याकाळी दोघं जेवायला बसले. राजांनी भाकरी चिवडली. काकू देवापुढे बसल्या तेव्हा काही मागितलं नाही. आजवर लपवलेलं सगळं ओळीनं सांगितलं आणि उठल्या.

सकाळी त्या चहा गाळत होत्या. राजे आले ते दाढी करून, राखी पॅंट घालून. हातात पट्टा होता.

"हिच्या आत तीन ओळी आहेत," ते म्हणाले. "कशाला?"

"एकेक उसवत जायला. तुम्ही भराल तशा."

"कापड कापलं नाहीस?"

"एक चिंधी नाही. सगळं आत आहे. मी कापत नाही, माहीत आहे तुम्हाला."

राजांनी मान डोलावली. "म्हणजे तेव्हाही तुला वाटत होतं की उसवावी लागेल."

"नाही तर कापूनच टाकलं असतं. कापलेलं शिवायला सोपं असतं." काकूंनी कप पुढे केला. "पॅंटच्या खिशांपर्यंत माया ठेवलीय मी. ती काय वन्संच्या पोरासाठी?"

राजे बसले. ताटलीत दोन अंडी होती. त्यांनी एक खाल्लं. दुसऱ्याकडे बघत राहिले. मांजर दारात होतं. "जा," राजे त्याला म्हणाले, "तुझं पोट सुटलंय." आणि सावकाश, घोट घोट पाण्याबरोबर, दुसरंही संपवलं. काकू पाठमोऱ्या उभ्या राहून ओटा पुसत होत्या. ओटा आधीच पुसलेला होता.

"कपडे असेच राहू देत," राजे म्हणाले. "चांगले बसतात. घड्याळजीला मीच सांगतो खिशांचं, नाहीतर तो वर्षभर कुजबुज कुजबुज करेल. आणि ताईला कळव, कोट मिळणार नाही, अंगात आहे." धाकट्या बहिणीला ते लाडानं ताई म्हणत. "पण पट्टा मला खरा पाहिजे. तो तुकडा टाकलास?"

काकूंनी बटणांचा डबा आणला आणि तळातून कातड्याचा तुकडा काढून दिला. राजांनी तो पट्ट्याच्या शेजारी धरून बघितला. मग म्हणाले, "एवढा मी कमी आहे होय."

"एवढे."

"मग हा परत जोडून आण. आणि आत जिथे खरोखर बसतो तिथे नवं भोक पाडून आण. तिथून मी येतो हळूहळू जुन्यापर्यंत. मला दिसलं पाहिजे कुठवर आलो ते. पॅंटनं लोकांपुढे लाज राखावी, पट्ट्यानं मला खरं सांगावं. जमेल?"

"जमेल."

"आणि एक. तो तुझा निळा ड्रेस का नाही घालत तू? लेकीनं पाठवलेला. कपाटात माझ्या कोटाशेजारी लोंबतोय, किती वर्षं. सगळ्या पेठेच्या अंगाला कपडे आणतेस आणि स्वतः दोन करड्या ड्रेसांत फिरतेस."

"चपला शिवणाऱ्याकडे जायला निळा ड्रेस? त्याची नजर माणसाच्या पायांवरून वर येत नाही. कुणाला दिसणार आहे?"

राजांनी भुवया वर केल्या. तिकीटखिडकीतल्या त्या इस्त्रीचा किस्सा काकूंना पाठ होता. त्यांनी हात पुसले, कपाट उघडलं. निळ्याला डांबरगोळीचा वास येत होता आणि खांद्यावर हँगरची खूण पडली होती. त्यांनी तो झटकला, गॅलरीतल्या उन्हात थोडा धरला, घातला. कमरेला किंचित घट्ट होता. संध्याकाळी बगलेतून सोडवता येईल, आत भरपूर आहे, त्यांनी बोटानं चाचपून पाहिलं.

"बरा दिसतोय?"

"तुला दिसतोय ना?" राजे म्हणाले.

काकूंनी कातड्याचा तुकडा कागदात गुंडाळला, पट्ट्याबरोबर पिशवीत टाकला आणि चपला शिवणाऱ्याकडे पट्टा जोडून आणायला जिना उतरल्या.